पंडिता रमाबाई : स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडणारी स्त्री



रमाबाई हे नाव कानी पडले की आपल्या घरांत माता रमाईंचीच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे या दुसऱ्या. आज मी तुम्हाला तिसऱ्या रमाबाईंची, म्हणजे पंडिता रमाबाईंची हकीकत सांगणार आहे. जन्माने त्या चित्पावन ब्राह्मण. संस्कृत विद्येत कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी त्यांच्यापुढे मान लववली. आणि १८८३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या ख्रिस्ती झाल्या.

तुम्ही विचाराल, ब्राह्मणाच्या घरातून ख्रिस्ती झालेल्या बाईंची कथा आम्ही कशासाठी वाचावी? त्याचे उत्तर असे, की धर्म बदलल्यावर माणसापुढे जे प्रश्न उभे राहतात ते सगळे या बाईंपुढे उभे राहिले, आणि पाठीशी समाज नसताना उभे राहिले. जुन्या धर्माचे लोक म्हणाले, ही बाटली. नव्या धर्माचे लोक म्हणाले, आता आम्ही सांगू तसे वाग. दोघांच्या मध्ये उभे राहून आपली बुद्धी गहाण न टाकणे किती अवघड असते, ते तुम्हांपैकी कितीतरी जणांनी घरात आणि गावात अनुभवले असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. गाव असे सांगायला नाही. पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या रानात, त्या वेळच्या म्हैसूर संस्थानात, त्यांचे घर होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात शिकले होते. पेशव्यांच्या घरातील एक स्त्री आपल्या गुरूंपाशी संस्कृत शिकते हे त्यांनी तिथे पाहिले, आणि आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई लग्नाच्या वेळी नऊ वर्षांची, आणि अनंतशास्त्री चाळिशी ओलांडलेले. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटते. पण त्याच अनंतशास्त्र्यांनी त्या मुलीला संस्कृत शिकवले आणि धर्मसभेपुढे जाऊन, हे शास्त्राला धरून आहे, असे सिद्ध करून दाखवले. जातभाईंचा त्रास टळावा म्हणून त्यांनी रानात घर बांधले होते.

तरी एक कुंपण त्यांनीही ओलांडले नाही. स्त्रीने काव्य शिकावे, पुराणे शिकावीत, वेदांना हात लावू नये, हे त्यांना मान्य होते. सुधारक माणूससुद्धा कुठे थांबतो ते पाहून ठेवले पाहिजे.

रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने घर सोडले. तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरवले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. वडील देवळांतून पुराण सांगत, ऐकणारे धान्य आणि पैसे ठेवीत. पहाटेच्या अंधारात आई मुलीला शिकवी, आणि मुलगी हजारो श्लोक तोंडपाठ करी. शाळा नाही, पाटी नाही. आई हीच शाळा.

मग १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. धान्य मिळेना. या कुटुंबाला हाताने करायचे काम कोणतेच येत नव्हते, आणि भीक मागणे किंवा मजुरी करणे कमीपणाचे वाटत होते. शास्त्रात सांगितले तसे त्यांनी सर्व केले. उरलेसुरले दानात दिले. उपास केले, पवित्र नद्यांत स्नाने केली, मूर्तींपुढे दिवसचे दिवस बसले. देव काही आला नाही. शेवटी ते रानात शिरले आणि अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि थोडी रानखजुरी यांवर जगले. आधी वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीण.

आईच्या अंत्ययात्रेची हकीकत मुद्दाम सांगतो. त्या अनोळखी गावात ब्राह्मणाच्या प्रेताला खांदा द्यायला ब्राह्मणच हवे, आणि ते येईनात. कशीबशी दोघांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथे कोणी नव्हते म्हणून रमेने पुढे व्हायचे ठरवले. पण ती अंगाने लहान, खांद्याला तिरडी लागेना. तेव्हा तिने ती डोक्यावर घेतली आणि तशीच चालत गेली. जातीचे नियम परक्यालाच छळतात असे नाही. ज्यांनी ते केले, त्यांच्याही आईच्या तिरडीला ते माणूस मिळू देत नाहीत.

त्यानंतर ही भावंडे पायी निघाली. दक्षिणेतून उत्तरेत, पंजाब, काश्मीर, तेथून पूर्वेकडे. चार हजार मैलांच्या वर चाल झाली. झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. एकेक तीर्थक्षेत्र पाहत असता श्रद्धा सैल होत गेली. पुढे १९०७ साली रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात हे सगळे लिहिले आहे.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते याचे तिथल्या पंडितांना नवल वाटले. त्यांनी परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाची पोथी दिली आणि हे तू वाच असे सांगितले. वडिलांनी घातलेले शेवटचे कुंपण असे तुटले.

याच काळात स्त्रियांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली. त्यांना असे आढळले, की हे ग्रंथ बाकी प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण दोन गोष्टींवर त्यांचे एकमत आहे. एक, स्त्री मग ती वरच्या जातीची असो की खालच्या, मुळातच वाईट आहे आणि तिला स्त्री म्हणून मुक्ती नाही. दुसरी, शूद्राचीही तीच गत. वेद वाचला तर त्याला शिक्षा, ऐकला तरी शिक्षा. जन्माने ब्राह्मण असलेल्या स्त्रीने स्वतःला आणि शूद्राला एकाच दावणीला बांधलेले पाहिले, ही साधी गोष्ट नाही. जोतीराव फुले ज्या निष्कर्षाला बाहेरून आले होते, त्याला ही स्त्री आतून, पोथ्या वाचून आली.

नुसते वाचून त्या थांबल्या नाहीत. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. शास्त्राच्या हिशेबाने नवरा शूद्र. दोन्हीकडच्या लोकांनी संबंध तोडले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचे मूल, आणि जवळचे माणूस कोणी नाही.

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर अशा सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्री-धर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षक हव्यात, तपासनीस स्त्रिया हव्यात, आणि स्त्री डॉक्टर तयार केल्या पाहिजेत, कारण पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा इथल्या बायका मरण पत्करतात, असे त्यांनी सांगितले. आपणच डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात होते. १८८३ साली पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढून, मनोरमेला घेऊन, त्या इंग्लंडला निघाल्या.

आता धर्मांतराकडे येऊ. इंग्लंडात वाँटेज या गावी अँग्लिकन पंथाच्या भगिनींचा मठ होता. त्यांची शाखा पुण्यात होती, त्या ओळखीने रमाबाई तिथे उतरल्या. जाताना त्यांनी धर्म बदलणार नाही असेच सांगितले होते. पण भगिनींनी त्यांना लंडनजवळचे आपले एक आश्रमगृह दाखवले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत. सुशिक्षित घरच्या भगिनी त्यांची सेवा करीत, त्यांच्याशी माणसासारखे बोलत, त्यांना पुन्हा उभे करीत. रमाबाई चकित झाल्या. आपल्या देशात अशा बाईला शास्त्राने काय सांगितले आहे ते त्यांना तोंडपाठ होते. हे लोक असे का वागतात असे त्यांनी विचारले, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. पुण्याचे नीळकंठशास्त्री गोरे, जे स्वतः ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या लिखाणाचाही परिणाम झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने त्याच सुमारास आत्महत्या केली, त्याचा मोठा धक्का होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात हाहाकार झाला. पैशासाठी बाटली, गोऱ्यांनी भुलवली, एकट्या बाईला शहाणपण नसतेच, असे बोल उठले. हे बोल तुमच्या ओळखीचे असतील. माणूस आपल्या विचाराने धर्म सोडू शकतो, हे ज्यांचा धर्म सुटतो त्यांना कधी पटत नाही. कोणीतरी फूस लावली असे धरून चालले म्हणजे स्वतःच्या धर्मात काय चुकले ते पाहावे लागत नाही. त्या गदारोळात जोतीराव फुले रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. १८८५ साली त्यांनी सत्सार नावाच्या छोट्या पुस्तिका काढल्या, त्यात रमाबाईंच्या धर्मांतराचा कैवार घेतला. एका चित्पावन ब्राह्मण बाईची बाजू घ्यायला पुण्यात पुढे आला तो एक माळी. हे तुम्ही लक्षात ठेवा, आणि घरातल्या मुलांना सांगा.

पण माझ्या मते रमाबाईंचे खरे मोठेपण बाप्तिस्म्यात नाही. ते त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत दिसते. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. कानाने कमी ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे डॉक्टर होण्याचे राहून गेले. आणि वाँटेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, त्यांची पत्रापत्री सुरू झाली. ती पत्रे म्हणजे एका नवदीक्षित स्त्रीने आपल्या धर्मगुरूंशी दिलेला झगडा आहे.

एक प्रसंग क्रॉसचा. भगिनींनी घालायला दिलेल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी ती नको म्हटली. आपल्याला लॅटिन येत नाही, आपल्या देशभगिनींनाही येत नाही, मग न समजणारे शब्द अंगावर का वागवायचे? ब्राह्मण संस्कृतला पवित्र भाषा म्हणून डोक्यावर घेतात, तसेच तुम्ही लॅटिनचे करता काय, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या बाईने संस्कृतच्या जोरावर पदव्या मिळवल्या, तिनेच हा प्रश्न विचारावा, यात त्याचे वजन आहे.

दुसरा प्रसंग शिकवण्याचा. तरुण पुरुषांना शिकवण्याचा विचार निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, की हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशात तिची किंमत राहणार नाही. रमाबाईंनी उलट कळवले, की मायदेशी आपण पुरुषांनी भरलेल्या सभांतून व्याख्याने देत आलो आहोत आणि तिथे आपली किंमत उतरलेली नाही. आपल्या देशातल्या रीतीची काळजी परक्या बिशपांनी वाहावी, याचा त्यांना राग आला.

तिसरा वाद सर्वांत खोल होता. त्रैक्याच्या सिद्धान्तासह चर्चची काही मते रमाबाईंना त्या वेळी पटत नव्हती. भगिनी म्हणत, बाप्तिस्मा घेतलास म्हणजे चर्चची आज्ञा मानली पाहिजेस. रमाबाईंचे म्हणणे, की आपण विश्वास ठेवला तो ख्रिस्ताच्या शिकवणीवर. पटल्याशिवाय आपण काही मानणार नाही, आणि न पटलेले मनोरमेलाही शिकवू देणार नाही. ब्राह्मण पुरोहिताचे जू आत्ताच कुठे मानेवरून उतरवले आहे, त्याच्या जागी दुसऱ्याचे जू घ्यायला मान पुढे करणार नाही, हा त्या पत्रांचा सूर आहे. लक्षात घ्या, त्या वेळी त्यांची राहण्याची आणि मुलीच्या सांभाळाची सोय याच लोकांच्या हाती होती.

हे सगळे त्यांनी भांडून, तोडून टाकले असे मात्र नाही. प्रेम होते, आदरही होता. पुढे मनोरमा त्याच भगिनींपाशी इंग्लंडात शिकली. आणि नवलाची गोष्ट म्हणजे ती पत्रे जपली आणि एकत्र केली ती सिस्टर जेराल्डीन यांनीच. रमाबाईंची हट्टी शिष्या म्हणून तक्रार करणाऱ्या बाईंनी त्या हट्टाचा पुरावा सांभाळून ठेवला. महाराष्ट्र शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली तो पत्रसंग्रह प्रसिद्ध केला. इंग्रजी येणाऱ्या मुलामुलींनी तो ग्रंथालयातून मिळवून अवश्य वाचावा.

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते पुष्कळ खपले. बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघाले आणि त्याने विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले. अमेरिकेवर त्यांनी मराठीत जे पुस्तक लिहिले त्यात त्या देशाचे कौतुक पुष्कळ आहे, पण काळ्या लोकांना तिथे कसे वागवतात यावरही त्यांनी बोट ठेवले आहे. ख्रिस्ती देश म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. तिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली लग्न केले, त्याच पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदन पुढच्या वर्षी पुण्यास हलले.

इथे मला थोडे कडू बोलायचे आहे. शारदा सदन प्रामुख्याने वरच्या जातींच्या विधवांसाठी होते. तिथे त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याचे आणि जेवणाखाण्याचे नियम पाळू दिले जात. ज्या शास्त्रांनी स्त्रीला आणि शूद्राला एकाच पायरीवर बसवले होते ती शास्त्रे रमाबाईंनी झुगारली, पण त्यांच्या पहिल्या संस्थेचे दार शूद्राच्या मुलीसाठी उघडे ठेवण्याची धडपड तिथे दिसत नाही. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नावच पाहा, उच्चवर्णीय हिंदू स्त्री. महाराची, मांगाची बाई त्या पुस्तकाच्या बाहेरच राहिली. संस्था चालवायची तर पुण्याच्या प्रतिष्ठित लोकांचा विश्वास हवा होता, आणि केशवपनाचे व वैधव्याचे हाल त्या जातींतच अधिक होते, हे खरे. तरी आपण हे नोंदवून ठेवले पाहिजे. ज्यांचा आपण आदर करतो त्यांच्याबद्दल पूर्ण सांगावे.

आणि इतके सांभाळूनही पुण्याने त्यांना सांभाळले नाही. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचीत, प्रार्थना करीत. दार उघडे असे, काही मुली आत येऊन बसत. तेवढ्यावरून केसरीने झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. मुलींनी भिंतीकडे तोंड करून बसावे, अशी काही अट रमाबाईंनी घालायला हवी होती काय? दार बंद करून प्रार्थना करणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले अकरा दिवस आठवले असतील, नव्हे, त्यांनी तसे लिहिलेच आहे. त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, ज्वराने पेटलेल्या मुली रस्त्याकडेला पडलेल्या. त्यांना पळवून नेऊन विकणारे दलालही तिथे फिरत होते. रमाबाईंनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे एवढी माणसे ठेवता येईनात. पुण्याच्या पूर्वेला केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, तिथे झोपड्या उभारल्या. नगरजवळचे केडगाव वेगळे, हे दौंडकडचे. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे आता जातीची चाळणी नव्हती. दुष्काळाने हाकललेल्या मुली कोणत्या जातीच्या हे पाहत कोण बसणार? सर्व जातींच्या मुली एका आवारात राहू, शिकू, काम करू लागल्या. विहिरी खणल्या, शेती केली. माग बसवले, तेलाची घाणी चालवली, गाई पाळल्या, छापखाना घातला. आंधळ्या स्त्रियांना बोटांनी वाचायला शिकवले. फसवलेल्या आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. लंडनजवळ जे पाहून रमाबाईंचे मन पालटले होते, ते त्यांनी केडगावच्या माळावर उभे केले. ज्यांच्या घरी हाताने काम करणे कमीपणाचे मानून माणसे उपाशी मेली, त्या घरच्या मुलीने दोन हजार स्त्रियांच्या हाताला काम शिकवले.

सरकारशीही त्यांनी दोन हात केले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांची काय विटंबना होते, आणि आपल्या संस्थेच्या एका मुलीचे तिथे काय झाले, ते त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केले. सरकारने आरोप नाकारले. राज्यकर्त्यांच्या धर्मात गेलेली बाई राज्यकर्त्यांची बटीक झाली, असे म्हणणाऱ्यांनी ते पत्र वाचले होते की नाही कोण जाणे.

आता एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. उपासमारीतून उचललेल्या मुली मुक्ती सदनात आल्या आणि त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या. १९०५ साली तिथे प्रार्थनेची अशी लाट आली की शेकडो मुली रात्रंदिवस रडत, कापत प्रार्थना करू लागल्या. ज्या बाईने स्वतः प्रत्येक शब्द पारखून मगच स्वीकारला, जिने पोटच्या पोरीला न पटलेले शिकवू दिले नाही, तिच्या आश्रयाला आलेल्या मुलींना तितकी पारख करायची संधी होती काय? ज्याचे अन्न खायचे त्याला नाही म्हणणे सोपे नसते. रमाबाईंचे चाहते हा प्रश्न टाळतात. त्यांचे विरोधक फक्त हाच विचारतात, पण त्या मुली रस्त्याकडेला पडल्या होत्या तेव्हा हे विरोधक कुठे होते ते सांगत नाहीत. मला वाटते, आधी जीव वाचवावा लागतो. मेलेल्या मुलीला कसले विचारस्वातंत्र्य? पण जीव वाचवणाऱ्याचा शब्द जड होतो हेही खरे, आणि ते रमाबाईंसारख्या बाईंनी तरी ओळखायला हवे होते.

उतारवयात त्यांनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. मराठी बायबल होते, पण त्याची भाषा पंडितांच्या हातची, संस्कृत शब्दांनी जड झालेली. केडगावच्या मुलींना, खेड्यातल्या बायकांना ते समजत नसे. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मूळ ग्रंथांवरून साध्या मराठीत सबंध बायबलचे भाषांतर करायला बसल्या. पंधराहून अधिक वर्षे ते चालले. ऐकू जवळजवळ येईनासे झाले होते, तरी रोजचे काम सुटले नाही. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सर्व काम मुक्ती सदनाच्या स्त्रियाच करीत. ज्या मुलींना एकेकाळी अक्षर ठाऊक नव्हते, त्या आता हिब्रू आणि ग्रीक अक्षरांचे खिळे जुळवीत होत्या. संस्कृत हेच जिचे सर्वस्व होते ती बाई शेवटी संस्कृत शब्द वेचून काढून त्यांच्या जागी घरातले शब्द बसवीत होती.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याहून मोठी गोष्ट, मनोरमा शिकून परत आली होती आणि आईचा उजवा हात झाली होती. आपल्यामागे तीच हे चालवील असे रमाबाईंना वाटत होते. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता मुलगी. या बाईंनी आपले प्रत्येक माणूस आपल्या आधी पोहोचवले. त्या पुन्हा भाषांतराच्या कागदांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचे निधन झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

मुक्ती सदन आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालात तर वाटेत केडगाव स्टेशन लागते. मुलींना घेऊन एकदा तिथे उतरा. तिथल्या स्त्रियांचे काम पाहा, आणि मुलींना जे प्रश्न पडतील ते त्यांना तिथेच विचारू द्या.